बुधवारच्या नळ्या

मित्रांनो, तीन पायांपैकी दोनच उरलेली एक जुनी चाळणी आहे मी. ॲल्युमिनियमची, पोटाला गोल, अंगभर भोकं असलेली. आता मी एका खानावळीच्या मागच्या मोरीवर, नळाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. कधी कोणी माझ्यात धुतलेले चमचे ठेवतं, कधी नुसताच फडका वाळत घालतं. पण एके काळी या खानावळीत शिजणारा सगळा पास्ता माझ्या पोटातून गेल्याशिवाय ताटलीत पडत नसे. म्हणूनच एक गोष्ट सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आली. लक्षात आली, पण समजली मात्र सगळ्यात शेवटी. तीच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म पत्र्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने मला साच्यावर दाबून गोल केलं, एकेक भोक पाडलं आणि खाली तीन पाय ठोकून बसवले. त्याची बायको भोकांच्या कडा कानशीने घासायची. घासून झालं की ती आपली बोटं माझ्या पोटावरून आतून-बाहेरून फिरवायची. बोटाला जरा जरी खरचटलं तरी पुन्हा कानस हातात घ्यायची. तिच्यामुळेच इतक्या वर्षांत माझ्या अंगाला लागून कोणाचं बोट कापलं नाही.

मला विकत घेतलं वस्तादांनी. ते एका मोठ्या भोजनगृहाचे मुख्य आचारी होते. उंच, ताठ, आणि जिभेने कडक. त्यांच्या हाताखाली जी मुलगी शिकायला होती तिला पुढे सगळे थोरली म्हणू लागले, कारण नंतर तिने आपल्या धाकट्या बहिणीला सोबत घेऊन स्वतःची खानावळ काढली. वस्तादांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. ते थोरलीला डोळे मिटायला सांगायचे आणि तिच्या तळहातावर पास्त्याचे चार-पाच तुकडे ठेवायचे. तिने बोटांनी चाचपून आकार ओळखायचा. स्पॅगेटीला त्या स्वयंपाकघरात काड्या म्हणत, आणि बाकीच्यांना नळ्या, मळसूत्रं, शंख. नुसता आकार ओळखून भागायचं नाही. त्याला किती मिनिटं लागतात आणि कोणता सॉस चालतो, हेही सांगावं लागे. पातळ सॉस काड्यांना, कारण तो त्यांच्या अंगाला चिकटून राहतो. जाडसर, तुकड्यांचा सॉस नळ्यांना, कारण तुकडे नळीत शिरून बसतात.

"आकार बदलला की पदार्थ दुसरा झाला," असं ते नेहमी म्हणायचे. "काड्या नसतील तर गिऱ्हाइकाला नाही म्हण. पण काड्यांच्या नावावर नळ्या वाढू नकोस."

वस्ताद निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला थोरलीच्या हातात दिलं. भांड्यांच्या ढिगातून मलाच निवडलं, याचा मला फार अभिमान वाटला. थोरलीच्या खानावळीत मला वाढपाच्या खिडकीशेजारी खिळा मिळाला. तिथून ओटा दिसे आणि खिडकीपलीकडची चारही टेबलं दिसत. थोरली रांधायची, धाकटी वाढायची. टोमॅटोच्या पातळ सॉसमधल्या काड्या ही थोरलीची खासियत. बाजूच्या छापखान्यातले तिघे कामगार आणि शाळेतल्या एक बाई तर रोज यायच्या. दर शनिवारी वस्ताद यायचे, काड्या मागवायचे आणि थोरली खिडकीतून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. ते काही बोलले नाहीत म्हणजे पदार्थ जमला.

मग एका वर्षी वस्तादांनी शनिवारी येणं बंद केलं. थोरलीने दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं की तब्येत बरी आहे, सवड झाली की येतो. थोरलीच्या मनाला ते लागलं. आपल्या हाताची चव उतरली आणि वस्ताद तोंडावर सांगायचं टाळताहेत, असं ती धाकटीला म्हणाली. धाकटीने तिची समजूत घातली नाही. ती टेबल पुसत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पहिला संशय आला.

थोरली बुधवारी सकाळीच सॉस करून ठेवायची आणि भाजीच्या मोठ्या बाजाराला जायची. दुपारी दोनपर्यंत खानावळ धाकटीच्या ताब्यात असे. पास्ता उकडणं, गाळणं, वाढणं सगळं तीच करायची. एका बुधवारी तिने पातेलं उचललं आणि आधण माझ्यात ओतलं. पाणी निघून गेलं आणि माझ्या पोटात काय उरलं? नळ्या. दिवसाचा पदार्थ लिहायच्या फळ्यावर तर काड्या लिहिलेल्या होत्या. मी म्हटलं, पोरीची चूक झाली असेल. पण पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

आणि आणखी एक गोष्ट होती, मित्रांनो. वस्ताद येत होते. शनिवारी नाही, बुधवारी. थोरली खानावळीत नसताना बरोब्बर पाऊण वाजता यायचे आणि खिडकीकडे पाठ करून कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. धाकटी त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची. जेवण झालं की खांद्यावरचा रुमाल टाकून त्यांच्यासोबत बाहेर पडायची आणि दहा-बारा मिनिटांनी एकटीच परतायची. थोरली दोन वाजता आली की या सगळ्यातलं एक अक्षर तिच्या कानावर जायचं नाही. वस्तादांची ताटली तर धाकटी सगळ्यांत आधी धुऊन ठेवायची.

मी खिळ्यावर टांगल्या टांगल्या विचार करायचे. ज्या माणसाने आकार बदलू नकोस म्हणून आयुष्यभर बजावलं, त्याच्याच डोळ्यांदेखत ही पोर आकार बदलते आणि तो मुकाट्याने जेवतो. यात काहीतरी काळंबेरं आहे. थोरलीचं नाव खराब करायचा तर यांचा बेत नाही ना? एकदा संशय मनात शिरला की प्रत्येक गोष्ट त्यालाच येऊन चिकटते. धाकटी हसली तरी मला वाटे, का हसली. गप्प बसली तरी वाटे, काय लपवते आहे.

तक्रारी येऊ लागल्या. धाकटी काड्यांना देतात तेवढीच मिनिटं नळ्यांना द्यायची, त्यामुळे त्या आतून कच्च्या राहायच्या. पातळ सॉस नळ्यांवर टिकायचा नाही, ताटलीच्या तळाशी जाऊन साचायचा. छापखान्यातल्या तिघांपैकी सगळ्यात जाड्या जो होता, त्याने एका गुरुवारी थोरलीला विचारलंच की बुधवारी तुमच्या खानावळीला काय होतं, सॉस प्यायचा असतो की खायचा.

थोरलीने धाकटीला विचारलं. धाकटी म्हणाली, काड्यांचा पुडा आतून ओलसर निघाला, म्हणून नळ्या टाकल्या. पुढच्या वेळीही तेच कारण. तिसऱ्या वेळी थोरलीने तिला विचारलंच नाही. पण पुडेवाला माल घेऊन आला तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं.

हा पुडेवाला खानावळ सुरू झाल्यापासून पास्ता पुरवायचा. खोकी आत आणून ठेवली की तो स्टुलावर टेकायचा, चहा घ्यायचा आणि आपल्या लेकीच्या गमती सांगायचा. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. थोरलीने त्याच्यासमोर एकेक पुडा फोडला. प्रत्येकातली एक काडी काढून कानाशी मोडली. सगळ्या काड्या कटकन मोडल्या, म्हणजे अगदी कोरड्या होत्या. पुडेवाला ओशाळून उभा होता.

"मग नेमके बुधवारीच बरे ओले निघतात," थोरली म्हणाली. जेवायला बसलेले चौघेही मान वळवून बघत होते.

"तो ओला पुडा मला दाखवा ताई," पुडेवाला शांतपणे म्हणाला.

धाकटीने सांगितलं की तो फेकून दिला. पुडेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. धाकटीने मोरीकडे तोंड केलं आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. पुडेवाल्याने रिकामी खोकी उचलली आणि तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्यानंतरच्याही नाही.

थोरलीने दुसरीकडून माल आणला. या वेळी तिने प्रत्येक पुड्यावर पेन्सिलीने बारीकशी खूण केली. बहिणीवर पाळत ठेवायची म्हणून नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली. पण ते पुटपुटणं ऐकायला माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. बुधवारी बाजारातून आल्यावर तिने भाजीची पिशवीही खाली ठेवली नाही, आधी फडताळ उघडलं. काड्यांचे सगळे पुडे जसेच्या तसे होते. नळ्यांचे दोन गेले होते.

त्याच दिवशी शाळेतल्या बाई सहज बोलून गेल्या की कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर धाकटी दिसली होती, कोणाशी तरी बोलत होती. ते दुकान भाड्याने द्यायचं आहे, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं.

थोरलीने मनातल्या मनात दोन आणि दोन मिळवले. खरं सांगू का, मीही मिळवले. आमच्या दोघींचं उत्तर एकच आलं, आणि दोघींचंही चुकलं.

गिऱ्हाइकं गेल्यावर थोरलीने धाकटीला ओट्यापाशी उभं केलं. माझ्यात तेव्हा गार झालेल्या नळ्या होत्या.

"स्वतःची खानावळ कधी काढतेयस?" तिने विचारलं.

धाकटीला आधी कळेचना. मग थोरलीने खुणा केलेले पुडे पुढे ठेवले, बंद दुकानाच्या पायऱ्यांची गोष्ट काढली, माझी गिऱ्हाइकं आधी नासवायची आणि मग ओढून न्यायची असा तुझा डाव आहे, असं म्हणाली. धाकटीने ते पुडे मागे सरकवले. तिचा चेहरा उतरला.

"मी कोणाला तरी शब्द दिलाय ताई," ती म्हणाली. "याहून जास्त मला सांगता येणार नाही."

कोणाला, हे थोरलीने विचारलं नाही. तिने मला उचललं आणि ओट्यावर जोरात आदळलं. नळ्या सगळीकडे उडाल्या. माझा एक पाय रिव्हेटसकट निखळला आणि टेबलांच्या दिशेने घरंगळत गेला. धाकटीने तो उचलला, ओट्यावर ठेवला, रुमाल घडी करून त्याच्याशेजारी ठेवला आणि ती मावशीकडे राहायला निघून गेली.

तो आठवडा मी विसरू शकत नाही. थोरली एकटीच रांधायची आणि वाढायचीही. मी एका अंगाला कलंडायचे म्हणून ती मला एका हाताने धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पातेलं ओतायची. एकदा वाफेने मनगट भाजलं. तिने ते नळाखाली धरलं आणि पुढची ताटली वाढली.

बुधवार आला. थोरली बाजाराला गेली नाही. तिने काड्या शिजवल्या, बरोब्बर नऊ मिनिटं. छापखान्यातले तिघे आणि शाळेतल्या बाई समाधानाने जेवत होते. पाऊण वाजता दारात वस्ताद उभे राहिले. खिडकीत धाकटीऐवजी थोरलीला बघून ते थबकले. क्षणभर वाटलं, मागच्या मागे फिरतील. पण थोरलीने त्यांना पाहिलं होतं. ती हात पुसत बाहेर गेली, पाया पडली आणि त्यांना मानाने खिडकीसमोरच्याच टेबलावर बसवलं. आत येता येता मात्र तिच्या कपाळाला आठी होती. मी तिला पुरती ओळखते. म्हणजे हे बुधवारी येतात. म्हणजे यांनाही सगळं ठाऊक आहे. म्हणजे दुकानाच्या पायऱ्यांवर हेच होते. तिच्या डोक्यात हीच चक्रं फिरत होती.

तिने स्वतः ताटली नेऊन ठेवली आणि नेहमीसारखी खिडकीशी येऊन उभी राहिली. वस्ताद जेवेनात. उजवा हात टेबलाखाली, डावा ग्लासावर. थोरलीने विचारलं तर म्हणाले, आज भूक नाही. तिने आत येऊन पातेल्यातल्या काड्या चाखल्या. मीठ ठीक, शिजल्याही ठीक. मग हे जेवत का नाहीत? माझ्या अन्नाला नावं ठेवायला आले आहेत का?

तिने मान खाली घातली आणि टोमॅटो चिरायचं निमित्त केलं. कोणी बघत नाही असं वाटून वस्तादांनी उजवा हात वर काढला. मित्रांनो, तो हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, काटा ताटलीवर वाजू लागला. त्यांनी काटा काड्यांमध्ये खुपसला आणि गुंडाळायला लागले. गुंडाळलेलं सुटलं. पुन्हा गुंडाळलं. तोंडापर्यंत येईतो काड्या घसरल्या आणि सदऱ्यावर पडल्या. त्यांनी डाव्या हाताने त्या पटकन उचलल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. ज्या माणसाने हजारो ताटल्या एक थेंब न सांडता सजवल्या, तो माणूस चोरी पकडली गेल्यासारखा बघत होता.

थोरलीची सुरी थांबली. मलाही तेव्हाच सगळं उमगलं. नळ्या काट्याने टोचता येतात. एकेक टोचून, कोणाच्या लक्षात न येता, तोंडापर्यंत नेता येतात. आणि सगळ्यांच्याच ताटलीत नळ्या असल्या तर एकाच्या ताटलीकडे कोणी वळून बघत नाही.

थोरलीने दुसऱ्या शेगडीवर आधण ठेवलं. मग बाहेर जाऊन ती चारही टेबलांसमोर उभी राहिली.

"आजच्या काड्या बिघडल्यात," ती म्हणाली. "ताटल्या परत द्या. जरा दम धरा, नळ्या करून देते."

स्वतःच्या हातचा पदार्थ बिघडला, असं थोरलीच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. छापखान्यातला जाड्या म्हणाला की माझ्या तर मस्त लागताहेत, आणि त्याने ताटलीवर हात आडवा धरला. थोरलीने त्याच्या हाताखालून ताटली ओढून घेतली.

आत येऊन तिने सॉस मोठ्या आचेवर आटवायला ठेवला. त्यात टोमॅटोचे बारीक तुकडे टाकले, नळीत शिरतील एवढेच. जितक्या वजनाच्या काड्या होत्या तितक्याच वजनाच्या नळ्या तिने तोलून घेतल्या आणि बारा मिनिटं दिली. मला एका हाताने सावरत गाळताना तिने पिठूळ पाणी वाटीभर बाजूला काढलं आणि सॉसमध्ये ओतलं. आता तो नळ्यांना धरून बसला. धाकटीकडून राहून गेलेलं सगळं तिने केलं. तो काड्यांचा पदार्थ राहिला नव्हता, हे खरं. दुसराच झाला होता, पण चांगला झाला होता.

वस्तादांनी ताटली पूर्ण संपवली. थोरली ती उचलायला गेली तेव्हा ते ताटलीकडेच बघत म्हणाले,

"सॉस आटवलास."

"हो वस्ताद."

"मिनिटं किती दिलीस?"

"बारा."

"तेरा दे," वस्ताद म्हणाले. "माझे दातही आता पूर्वीचे राहिले नाहीत."

एवढंच. हाताचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनेही काढलं नाही. पण जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले की धाकटीला रागावू नकोस, मी तिच्याकडून वचन घेतलं होतं. तुला कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. त्यांना सोडायला थोरली कोपऱ्यापर्यंत गेली. बंद दुकानाच्या पायऱ्यांवर ते टेकले आणि दम खाऊन पुढे निघाले. धाकटी दर बुधवारी त्यांना तिथवरच पोचवत होती.

त्या दुपारी थोरलीने दार लोटलं आणि तडक मावशीचं घर गाठलं. धाकटी लगेच परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दोघी टोमॅटो निवडत बसल्या होत्या तेव्हा थोरली म्हणाली, मला एकदा सांगायचं होतंस.

"तू विचारलंस कुठे ताई?" धाकटी म्हणाली. "तू पुड्यांवर खुणा केल्यास."

थोरलीने हातातला टोमॅटो टोपलीत ठेवला. मग धाकटीच म्हणाली की पुडेवाल्याच्या बाबतीत मात्र माझीच चूक आहे. शब्द पाळायला मी दुसऱ्याच्या नावावर खोटं बोलले. ती एकटीच त्याच्याकडे गेली आणि सगळं सांगून माफी मागून आली. थोरलीही नंतर गेली. पुडेवाला भला माणूस, पुन्हा माल आणू लागला. पण खोकी तो उंबऱ्यावर ठेवतो आणि तिथूनच वळतो. स्टूल अजून त्याच्यासाठी रिकामं ठेवतात. तो आत येत नाही. त्याच्या लेकीच्या गमती आम्हाला त्यानंतर कधी ऐकायला मिळाल्या नाहीत.

फळ्यावर बुधवारी आता नळ्याच लिहितात, स्वच्छ मोठ्या अक्षरांत. लोक त्यासाठी म्हणून येतात. माझा पाय बसवून आणायचं थोरली दोन-तीनदा बोलली, पण काम थांबत नाही. मग नवी चकचकीत चाळणी आली आणि मी मागच्या मोरीवर आले. माझ्या भोकांत चिकट पीठ वाळून बसलं आहे. गिळायला त्रास होतो म्हणून वस्ताद हल्ली येत नाहीत. धाकटी त्यांच्यासाठी डबा घेऊन जाते. त्यात तांदळाएवढ्या बारीक दाण्यांचा पास्ता असतो, सॉसमध्येच मऊ शिजवलेला. त्याला चाळणी लागत नाही. थोरली तो करते तेव्हा मी मोरीवरून नुसती तिची पाठ बघते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. चाळणी वापरून झाली की ओली आहे तोवरच धुवा. वाळलेलं पीठ मग निघता निघत नाही. पाय मोडला तर वेळेवर बसवून आणा. आणि घरातलं कोणी काही लपवतंय असं वाटलं, तर पुड्यांवर खुणा करू नका. मी खिळ्यावर टांगलेली होते, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. जवळ बसून विचारा. नाहीच सांगितलं, तरी घाईने काही ठरवू नका. तो माणूस जेवायला बसला की त्याच्या हाताकडे नीट बघा.